चिमणी बसवायची? मग ती साफ कोण करणार, ते आधी ठरवा

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, "अरे, तू कोड लिहितोस की चुली बांधतोस?" सध्या दोन्ही चालू आहे. आमच्या खालापूरच्या घरात चुलीला चिमणी बसवायची आहे, आणि तीही जूनच्या आत.

घरी गॅस आहे. तरी आंघोळीचं पाणी आणि तांदळाच्या भाकऱ्या चुलीवरच होतात. सिलिंडर पुरवून वापरायचा असतो ना! कर्जतच्या रस्त्याला 'चुलीवरची भाकरी' अशा पाट्या दिसतात, पण तो धूर कोणाच्या छातीत जातो ते पाटीवर लिहिलेलं नसतं. आमच्याकडे तो आईच्या छातीत जातो. पावसाळ्यात तर लाकूड ओलं आणि खिडक्या बंद.

आता मुद्द्याचं. गरम हवा हलकी, म्हणून ती वर जाते आणि मागून धूर ओढून नेते. नळी उंच, सरळ आणि गरम असेल तर धूर चांगला ओढला जातो. म्हणजे भिंतीतून पाइप बाहेर काढणं सोपं दिसलं, तरी त्यात वळणं वाढतात आणि बाहेरचा पाइप थंड पडतो. शक्यतो सरळ कौलातूनच वर न्या.

पण कौलाखाली वासे आणि रिपा आहेत, म्हणजे लाकूड. अमेरिकेतल्या नियमांत एकेरी पत्र्याचा पाइप जळणाऱ्या वस्तूंपासून १८ इंच लांब ठेवायला सांगतात. तेव्हा जागा दोन वाशांच्या मधली निवडा, तिथल्या रिपा कापा आणि कौलांऐवजी पत्रा बसवा. पाइप छपरातून बाहेर पडतो तिथून किमान ३ फूट वर हवा, आणि १० फुटांच्या आत जे काही असेल, अगदी आढंसुद्धा, त्याच्यापेक्षा २ फूट उंच. वर टोपी हवीच, आपला पाऊस माहितीये ना! पीव्हीसी पाइप अजिबात नको, तो वितळतो.

काका म्हणाले, "धुरानं वासे टिकतात रे, कीड लागत नाही." खरंय त्यांचं. धूर बाहेर गेला की लाकडाला वेगळं काहीतरी लावावं लागणार. तो खर्चही हिशेबात धरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ओडिशात रीमा हॅना, एस्तेर डुफ्लो आणि मायकल ग्रीनस्टोन यांनी चिमणीवाल्या सुधारित चुलींचा चार वर्षं अभ्यास केला. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासात जाणारा धूर कमी झाला, नंतर फरक उरला नाही. कारण? चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत, देखभाल झाली नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर डिप्लॉय झालं, मेंटेनन्स कोणाच्याच नावावर नव्हता.

काजळी साचली की धूर उलटा घरात येतो, आणि ती काजळी पेटूही शकते. मग शेवाळलेल्या कौलांवर कोण चढणार? मी तर सोमवार ते शुक्रवार शहरात. म्हणून आमच्या ड्रॉइंगमध्ये पाइपच्या बुडाशी झाकणाचा तोंडा आहे. चूल थंड असताना झाकण काढायचं, लांब दांड्याचा ब्रश खालून वर फिरवायचा, काजळी खालीच पडते. झाकण आईच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर, आणि ती उंची आईनंच ठरवली. महिन्याचा पहिला रविवार माझा.

तुमच्या घरी चूल असेल तर आज एवढंच करा: ती रोज पेटवणाऱ्या माणसाला विचारा, कुठे काय त्रास होतो. माप त्यानंतर घ्या. भेटूया पुढच्या भागात!