विमानतळ कुठंही होवो, आपला कागद आधी

(बोरी बुद्रुक इथल्या मेळाव्यात संघटनेच्या वतीनं झालेल्या भाषणाचा हा मजकूर. ज्या वाडीतून कुणी येऊ शकलं नाही, तिथं बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवावा.)

साथींनो, आयाबायांनो, म्हाताऱ्याकोताऱ्यांनो,

आज विमानतळावर बोलायचं आहे म्हणल्यावर मघाशी काही जण हसले. एक आजी म्हणाली, "आमच्या वाडीला एसटी येईना, अन् तुम्ही विमानाचं काय सांगता?" आजीचं चुकलं नाही. पण विमानात बसणाऱ्याला विमानतळाची काळजी करावी लागत नाही. ती जमिनीवर बसलेल्यालाच करावी लागते. म्हणून हा विषय घेतला.

पहिलं, ही भानगड आहे काय, ते नीट समजून घेऊ. पुण्याचा आजचा विमानतळ लोहगावला आहे. ती धावपट्टी हवाई दलाची. दलाची विमानं आधी, प्रवाशांची त्यातून उरलेल्या वेळात. २०२४ मध्ये तिथं नवी मोठी इमारत झाली, पण इमारत वाढली म्हणून धावपट्टी आपली होत नाही. म्हणून पुण्याला दुसरा विमानतळ पाहिजे, असं गेली वीस-पंचवीस वर्षं चाललं आहे. पाहिजे की नको, यावर आज आम्ही वाद घालत नाही. नारायणगावच्या टोमॅटोवाल्याला, फुलवाल्याला त्याचा उपयोग होईलही. आमचा प्रश्न साधा आहे. त्याच्या जागेची रेघ कुणाच्या अंगणातून जाते, आणि ती आखताना अंगणातल्या माणसाला मोजतात का?

आधी नाव निघालं चाकणचं. मग राजगुरुनगरच्या आसपासच्या जागा बघितल्या. म्हणजे आपल्यापासून फार लांब नाही, नाशिक रस्त्यानं तासा-दीड तासाची वाट. लोकांचा विरोध झाला, काही ठिकाणी डोंगर आडवे आले, आणि ते बारगळलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झालं की विमानतळ पुरंदर तालुक्यात होणार. सात गावं : वनपुरी, उदाचीवाडी, कुंभारवळण, पारगाव मेमाणे, खानवडी, मुंजवडी, एखतपूर. त्यातली खानवडी म्हणजे महात्मा फुल्यांच्या घराण्याचं गाव. अंजीर-सीताफळाचा मुलूख. मधे जागा सरकवायचा विचार झाला, आणि फिरून बोट त्याच सात गावांवर आलं.

म्हणजे एका विमानतळाची रेघ तीन तालुक्यांतून फिरली म्हणा ना. जिथं जिथं ती गेली, तिथं जमिनीचे भाव आधी पोहोचले, दलाल मागून पोहोचले, आणि गावाला खबर शेवटी लागली.

पुरंदरच्या लोकांनी काय केलं? ठराव केले, मोर्चे काढले, मोजणी अडवली. मे २०२५ मध्ये ड्रोननं मोजणी करायला पथक गेलं, तेव्हा कुंभारवळणला गावकरी आणि पोलीस समोरासमोर आले, लाठ्या चालल्या. पुढं सरकारनं जागा कमी केली. आधी सुमारे ७,००० एकर धरली होती, ती सुमारे ३,००० एकरांवर आणली. पैशाच्या मोबदल्याबरोबर दहा टक्के विकसित भूखंड परत देऊ म्हणून जाहीर केलं. त्यानंतर बऱ्याच शेतकऱ्यांनी संमतीची पत्रं दिली. त्यांना आम्ही नावं ठेवणार नाही. नऊ वर्षं डोक्यावर टांगती तलवार घेऊन शेत पेरणं सोपं नाही. बँक कर्ज देत नाही, पोराचं लग्न जमत नाही, विहीर खणावी की नाही ते कळत नाही. ज्यांनी दिलं त्यांनीही सोसलंय, ज्यांनी दिलं नाही त्यांनीही सोसलंय. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. सात हजारांचे तीन हजार आपोआप झाले नाहीत. लोक उभे राहिले होते.

आता आपल्या मुद्द्यावर येतो.

आमच्यातले चौघं तिकडं जाऊन आले. एका बागेच्या बांधावर एक बाई भेटली. दुसऱ्याची बाग ती अन् तिचा नवरा वाट्यानं करतात, बरीच वर्षं. आम्ही विचारलं, "मावशी, तुम्हाला काय मिळणार?" ती म्हणाली, "मालकाला मिळंल. आमचं पंगतीत पानच नाही, तर वाढणार कुठं?"

साथींनो, हे वाक्य घेऊन आम्ही परत आलो. दहा टक्के म्हणा, पंधरा म्हणा, साडेबारा म्हणा, टक्का मोजतात तो नावावरच्या जमिनीचा. शून्याचा टक्का शून्यच.

साडेबारा कुठून आले, तेही पोरांना सांगा. नवी मुंबईसाठी उरण-पनवेलच्या आगरी-कोळ्यांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर आले, गोळीबारात पाच माणसं मेली. साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचा नियम त्या रक्तातून आला. पुढं तिथंच विमानतळ आला, तेव्हा लोकांनी तो आकडा साडेबावीस टक्क्यांपर्यंत नेला. दहा वस्त्या उठल्या, उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं. तिथले लोक भांडू शकले, कारण एक तर ते एकीनं उभे होते, आणि दुसरं, त्यांच्या हातात कागद होता. एकी आपल्याकडं आहे. कागद आहे का?

काही जण म्हणतील, विमानतळ गेला पुरंदरला, आपल्याला काय त्याचं? त्यावर दोन उदाहरणं सांगतो.

सोलापूरला बोरामणीत मोठ्या विमानतळासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. पुढं वनजमिनीचा आणि माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याचा प्रश्न आला, काम अडलं. आज सोलापूरचं विमान उडतं ते होटगी रस्त्यावरच्या जुन्याच विमानतळावरून. जमीन गेली, विमानतळ आलाच नाही. कोकणात चिपीला विमानतळ झाला, ऑक्टोबर २०२१ मध्ये वाजतगाजत सुरू झाला, आणि मग विमानाच्या फेऱ्या कधी आहेत, कधी नाहीत. म्हणजे जाहीर झालं ते होईलच असं नाही, अन् झालं ते चालेलच असं नाही. पण जमीन एकदा गेली की गेली.

दुसरं उदाहरण घरचंच आहे. इथून जवळ खोडदला मोठ्या दुर्बिणी आहेत, आपण सगळ्यांनी बघितल्यात. पुणे-नाशिक रेल्वेची आखणी त्यांच्या जवळून जात होती. दुर्बिणीच्या कामात अडथळा येईल, म्हणून आखणी बदलायचं ठरलं. चांगलं झालं, आमची तक्रार नाही. पण बघा, दुर्बिणीसाठी रेघ हलते. माळढोकासाठी रेघ थांबते. वाडीसाठी का हलत नाही? कारण दुर्बिणीचा कागद आहे, माळढोकाच्या अभयारण्याचा कागद आहे. आपल्या वाडीचा नकाशावर ठिपकासुद्धा नाही. मग साहेब म्हणतो, "इथं कुणीच राहत नाही, मोकळी वनजमीन आहे."

मोकळी! या बोरीच्या कुकडीकाठी आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली, ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला, लांबलांबचे शास्त्रज्ञ येऊन बघून गेले. या काठावर माणूस सातबाऱ्याच्या किती आधीपासून आहे, ते त्या दगडांनी सांगितलं. पण तहसीलदाराला दगड चालत नाही, त्याला कागद लागतो.

आणि आपण हे आधी भोगलेलं आहे. आपल्या शेजारच्या तालुक्याला नाव आंबेगावचं, पण आंबेगाव कुठं आहे? डिंभ्याच्या पाण्याखाली. ज्यांच्या नावावर काही होतं, त्यांना थोडंफार मिळालं. ज्यांचं शेत वहिवाटीनं होतं, ते डोंगरावर सरकले. पुढं त्याच पाण्यातल्या मासेमारीचा हक्क आपल्या माणसांनी सहकारी संस्था करून मिळवला, पाणी ओसरल्यावर गाळपेरीची जमीन कसली. ते मिळालं ते बुडाल्यानंतर झगडून. आम्ही म्हणतो, या खेपेला बुडायच्या आधी झगडू.

आता कायदा. तीनच गोष्टी, पण पाठ करा.

एक. २००६ चा वनहक्क कायदा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासी वनजमीन कसत असेल, तर चार हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं होतो. तो विकता येत नाही, वारसाला जातो. आणि दाव्याची पडताळणी पुरी होईस्तोवर कुणालाही उठवता येत नाही. गावाचा सामूहिक दावा वेगळा, तोही भरायचा : हिरड्याचं रान, चराई, पाणवठा, देवराई. पेसा कायदा आपल्या पश्चिम पट्ट्यातल्या गावांना आहे, इकडच्या बागायती पट्ट्यातल्या ठाकरवाड्यांना नाही. पण वनहक्क कायदा वनजमीन असेल तिथं सगळीकडं लागू आहे.

दोन. २०१३ चा भूसंपादन कायदा. त्यात बाधित म्हणजे फक्त मालक नाही. तीन वर्षं तिथं राबणारा शेतमजूर, कूळ, वाटेकरी, वनहक्क गमावणारा, रानावर-पाण्यावर पोट असणारा, सगळे बाधित कुटुंबात येतात. म्हणजे त्या बांधावरच्या मावशीचं पान या कायद्यात मांडलेलं आहे. पण पुरंदरला सरकारनं जमीन घ्यायला १९६१ चा औद्योगिक विकासाचा कायदा लावला. त्या वाटेनं गेलं की सामाजिक परिणामाची पाहणी ही पायरी येत नाही. आणि त्या पाहणीतच तर वाटेकरी, मजूर, बिनजमिनीचा मोजला जातो. म्हणून कुठलाही प्रकल्प आला की पहिला प्रश्न विचारायचा : साहेब, जमीन कुठल्या कायद्यानं घेताय?

तीन. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय जात नाही. विमानतळ पुरंदरला झाला, तरी त्याच्या मागं रस्ते येणार, गोदामं येणार, शनिवार-रविवारी डोंगरात राहायला येणारा पैसेवाला येणार. दलाल आपल्यातल्याच एखाद्याच्या नावावर घेतो अन् मागून पैसा दुसऱ्याचा असतो. दहा हजारांसाठी आपलं नाव भाड्यानं देऊ नका. आपल्यातले काही जण त्याला बळी पडलेत, हे इथं उघड बोललं पाहिजे.

आणि उघड बोलायचं तर आमचीही चूक सांगतो. मागं आम्ही वाड्यावाड्यांवर फिरून दावे भरून घेतले. लोकांनी मजुरी बुडवून अंगठे दिले. गठ्ठा एका कार्यालयात नेऊन दिला आणि खुशीत परत आलो. पोच घेतली नाही. पुढं विचारायला गेलो तर गठ्ठाच सापडेना. "दिलाय कशावरून?" म्हणाले. आमच्याकडं उत्तर नव्हतं. त्यात एका म्हाताऱ्याचा जबाब होता, वनखात्यानं पूर्वी केलेल्या दंडाची पावती होती. म्हातारा आता नाही, पावतीची दुसरी प्रत नाही. त्याचा पोरगा आज समोर बसलाय. त्याच्यासमोर आम्ही मान खाली घालतो. हे पुन्हा होता कामा नये, म्हणून हा मेळावा.

तर घरी गेल्यावर करायचं काय?

ग्रामसभेच्या वनहक्क समितीचं वहीपुस्तक बघा, नसेल तर नवी वही घाला. राहिलेले दावे भरा, आणि दाव्याला निदान दोन पुरावे जोडा. म्हाताऱ्यांचे जबाब याच महिन्यात लिहून घ्या, थांबू नका. विहीर, बांध, जुनं झाड, थडगं, देवाचा दगड, सगळं पुराव्यात धरा. प्रत्येक कागदाची पोच, शिक्का आणि तारखेसकट. एक प्रत घरी, एक संघटनेकडं. दावा नामंजूर झाला तर कारण लेखी मागा आणि ६० दिवसांत अपील करा. आणि वाटेकरी, मजूर, विधवा, एकट्या बाया, यांची वेगळी यादी करा. उद्या मोजणीवाला आला, तर त्याच्या यादीआधी आपली यादी तयार पाहिजे.

विमानतळ कुठं होणार, किती मोठा होणार, हे आज आपल्या हातात नाही. तो दहा वर्षांनी होईल, की बोरामणीसारखा अडेल, हेही नाही. पण त्याची, रेल्वेची, नाहीतर आणखी कशाची रेघ आपल्या वाडीवर येईल, तेव्हा कागदावर आपण असू की नाही, हे आपल्या हातात आहे. त्या मावशीच्या पंगतीत पान नव्हतं. आपण आपलं पान आधी मांडून ठेवू.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक वाडीनं आपली वही घेऊन यावी. रिकामी असली तरी आणा. भरायला आम्ही सोबत बसू.

जल, जंगल, जमीन : हक्क आमचा!