आधी प्रश्न, मग प्रबंध
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सातवी शिकलेल्या बाईने प्रबंधावर बोलावे, याचे तुम्हांला हसू येईल. मलाही आले. पण माझ्या थोरल्या लेकीने गेल्या वर्षी पीएच.डी.चा आराखडा मांडला, त्याची हकिकत सांगावी असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला, म्हणून उभी राहिले आहे.

प्रबंधाआधी आराखडा लिहावा लागतो. काय शोधायचे, आजवर कोणी काय शोधले, आपण कसे शोधणार आणि किती दिवसांत, हे त्यात येते. तो समितीपुढे मांडायचा आणि प्रश्नांना उत्तरे द्यायची. मुलगी दाखवण्यासारखेच, फक्त येथे पोहे कोणी केले, ते विचारत नाहीत!

लेकीचा विषय होता 'ग्रामीण स्त्रियांचे जीवन'. समितीने तो परत पाठवला. घरी आली ती तोंड उतरवून. म्हणाली, "आई, मला नाही जमायचे. सोडून देते."

मी पोळ्या लाटत होते. म्हटले, "अग, एवढा संसार करून मला बायकांचे जीवन कळले नाही, तुला तीन-चार वर्षांत कसे कळणार? त्यातले एकच काही विचार. गावात घरोघर नळ आला, पाण्याच्या खेपा वाचल्या. तो वाचलेला वेळ गेला कुठे, ते विचार."

ती हसली नाही. वही घेऊन आली.

भगिनींनो, माझी शाळा पाण्यापायीच सुटली. आठवीचा वर्ग तालुक्याला आणि घरी विहिरीवर जायला दुसरे कोणी नाही. म्हणून ते तोंडून निघाले असेल.

मग रोज रात्री ती मला आराखडा वाचून दाखवी. मी शंका काढी. फरक नळामुळेच पडला कशावरून? गॅसही आलाच की! तेव्हा तिने नळ न पोहोचलेली, बाकी सारखीच अशी गावे तुलनेला घेतली. बायका तासांचा हिशेब कसा देतील? तर 'काल उठल्यापासून निजेपर्यंत काय काय केलेत' असे क्रमाने विचारायचे ठरले. आणि वेळ विसाव्यात न जाता दुसऱ्याच कामात गेला, असे निघाले तर? "तर तसेच लिहीन," ती म्हणाली. इरावतीबाई कर्वे यांनी बर्लिनला कवट्या मोजून प्रबंध लिहिला, तेव्हा गुरूंचा अंदाज मोजमापात खरा ठरेना. त्यांनी तसे लिहिले, हेही तिनेच मला सांगितले.

दुसऱ्या खेपेस एका सभासदाने असा प्रश्न विचारला की तिला उत्तर येईना. ती म्हणाली, "आज सांगता येत नाही, पण अमुक रीतीने शोधीन." आता परत पाठवतात, अशी तिला धास्ती. पण दोन दुरुस्त्या सुचवून आराखडा मंजूर झाला.

एक माहिती सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला बाळंतपण व मुलाच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजेची सोय आहे, आणि मुदतही वाढवून मिळू शकते. तेव्हा लग्न झाले म्हणून सुनेचे शिक्षण थांबवू नका.

आणि लेक-सून लिहायला बसली की तिला हाक मारू नका. तिने वाचून दाखवले तर ऐका. कळले नाही तर तसे सांगा. आपल्याला जे कळत नाही, ते पुष्कळदा तिलाही अजून नीट उलगडलेले नसते.

प्रश्नावलीची चाचणी तिने माझ्यावरच घेतली. "आई, काल दुपारी काय केलेस?" मी बराच वेळ आठवत बसले. हे मला आजवर कोणी विचारलेच नव्हते.