नववर्षाचा नेम : छंद, आरोग्य आणि घर

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक संमेलनात बोलावयाचे म्हणजे विद्यार्थ्यांचा गौरव, शिष्यवृत्तिनिधी, वधूवर-सूचक नोंदी आणि वसतिगृहाची अडचण यांविषयी बोलावे, असा रिवाज पडून गेला आहे. हे विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु संघ म्हणजे काही कचेरीतील कपाट नव्हे. संघ म्हणजे आपली घरे. घरातील माणूस निकोप, उद्योगी आणि समाधानी नसेल, तर संघाच्या ठरावांना बळ कोठून यावयाचे? म्हणून पाडवा जवळ आला असता, प्रत्येकाने स्वतःपुरते काय ठरवावे आणि ठरविलेले पार कसे पाडावे, या साध्या विषयावर चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम ‘संकल्प’ या शब्दाकडे पाहू. आपल्याकडे कोणतेही धर्मकृत्य संकल्पावाचून होत नाही. त्या संकल्पात काय असते? शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथी आणि वार यांचा उच्चार होतो. आपण गोदावरीच्या दक्षिण तीरावर आहोत, हे सांगितले जाते. कर्त्याचे नाव व गोत्र येते. आणि शेवटी कोणते कृत्य कशासाठी करावयाचे, ते स्पष्ट म्हटले जाते. म्हणजे केव्हा, कोठे, कोणी, काय आणि कशासाठी, या पाच प्रश्नांची उत्तरे दिल्यावाचून हातावरचे पाणी सुटत नाही. आता आपले वर्षारंभीचे मनसुबे या कसोटीस लावून पाहावेत. ‘यंदा प्रकृतीकडे लक्ष द्यायचे’, ‘यंदा काही वाचन करायचे’, ‘यंदा घर नीट लावायचे’. यांत तिथी नाही, स्थळ नाही आणि कृत्यही नाही. ही इच्छा झाली, संकल्प झाला नाही. वैशाखाचे ऊन तापू लागण्यापूर्वीच ती सुकून गेली, तर नवल ते काय?

आपल्या वाडवडिलांनी याहून एक पायरी पुढे जाऊन ‘नेम’ ही गोष्ट सिद्ध केली होती. चातुर्मासात एखादी वृद्धा एकच पदार्थ वर्ज्य करी, एखादी रोज एक अध्याय वाची. नेम लहान असे, रोजचा असे, त्यास आषाढी एकादशीचा आरंभ व कार्तिकी एकादशीचा शेवट असे, आणि शेवटी उद्यापन असे. या रचनेतील शहाणपण आज प्रयोगानेही दिसून आले आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, रोज करावयाची एखादी नवी गोष्ट अंगवळणी पडण्यास सरासरीने ६६ दिवस लागले. कोणास १८ दिवस पुरले, तर कोणास २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. चातुर्मासाचे सुमारे १२० दिवस म्हणजे या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट होतात. आठ दिवस करून ‘जमत नाही’ म्हणणाऱ्याने हा आकडा ध्यानी धरावा. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. मध्ये एखादा दिवस चुकला, तरी सवय जडण्यात फारसा अडथळा येत नाही. तेव्हा एका दिवसाच्या खंडाने नेम बुडाला असे मानून हातपाय गाळू नयेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ करावा.

परदेशातही ही दृष्टी होती. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे एक शिल्पकार बेंजामिन फ्रँकलिन यांनी तरुणपणी तेरा गुणांची यादी केली आणि एका लहान वहीत प्रत्येक गुणास एक पान दिले. एका आठवड्यात एकाच गुणाकडे विशेष लक्ष द्यावयाचे, चूक झाली की त्या दिवसाच्या रकान्यात काळा ठिपका द्यावयाचा, असा क्रम त्यांनी ठेविला. तेरा आठवड्यांची एक फेरी, वर्षातून चार फेऱ्या. आपण परिपूर्ण झालो नाही, पण प्रयत्न केला नसता तर झालो असतो त्याहून चांगले व सुखी झालो, असे त्यांनी उतारवयात प्रामाणिकपणे लिहून ठेविले आहे. आमच्या मते नेमाचे एवढे फळ पुरे आहे.

आता पहिला नेम आरोग्याचा. आपल्या स्मरणिकेत दरवर्षी श्रद्धांजलीचे एक पान असते. ऐंशी वर्षांचा कृतार्थ चेहरा त्या पानावर पाहून आपण हात जोडतो आणि पुढे जातो. परंतु पंचेचाळीस-पन्नास वर्षांचा चेहरा दिसला की पान उलटवत नाही. मागे राहिलेली पत्नी आणि कॉलेजात शिकणारी मुले डोळ्यांपुढे येतात. पुष्कळदा ‘कधी आजारी पडले नव्हते हो’ असे ऐकू येते. आजारी पडले नव्हते की तपासून घेतले नव्हते, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. रक्तदाब आणि मधुमेह हे पाहुणे दार न वाजविता घरात शिरतात. भारतात १० कोटींहून अधिक लोकांस मधुमेह असावा, असा अंदाज भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या पाहणीतून २०२३ साली प्रसिद्ध झाला. हा आता केवळ शहरी श्रीमंतांचा रोग राहिलेला नाही.

आपल्या भागाचे जीवनही पालटले आहे. आजोबा घोड नदीच्या काठी मोटेमागे चालत होते. नातू रांजणगावच्या कारखान्यात पाळीवर उभा असतो, नाहीतर पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर दुचाकीवरून ये-जा करतो. कुरकुंभच्या वसाहतीत रात्रपाळी करणारे आणि दौंडहून पहाटेची गाडी पकडून पुण्यास जाणारे आपले बांधव थोडे नाहीत. अन्न आजोबांचे आणि हालचाल नातवाची, असा हा विषम हिशेब आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्यातून निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि दिवसाकाठी ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे एका चहाच्या चमच्याहून कमी, मीठ खावे. यास खर्च काहीच नाही. पाच दिवस अर्धा अर्धा तास झपझप चालले की हिशेब पुरा होतो. वेळ नाही म्हणणाऱ्याने नवा वेळ शोधू नये. चालत्या कामास नेम जोडावा. गाडीने जाणाऱ्याने स्टेशनापर्यंत पायी जावे; पाळी करणाऱ्याने झोपेहून उठल्यावर, मग ती वेळ कोणतीही असो, आधी चालून यावे आणि मग चहा घ्यावा.

लोकमान्य टिळकांचे उदाहरण या ठिकाणी आठवते. तरुणपणी प्रकृती नाजूक म्हणून त्यांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष शरीर कमावण्यात घालविले, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु पुढे मंडालेच्या तुरुंगात, १९०८ ते १९१४ या काळात, मधुमेह जडलेला असताना आहाराचे कडक पथ्य सांभाळून त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले, ही गोष्ट आम्हांस त्याहून मोलाची वाटते. रोग जडला म्हणून नेमाची वेळ गेली, असे कधीच होत नाही. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बंधूने व भगिनीने पाडव्यानंतरच्या पंधरवड्यात सरकारी रुग्णालयात किंवा आपल्या डॉक्टरांकडे रक्तदाब व साखर तपासून घ्यावी आणि आकडे तारखेसह वहीत लिहावेत, एवढी आमची विनंती आहे.

दुसरा नेम छंदाचा. छंद म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असा एक गैरसमज आपल्या कष्टाळू समाजात रुजलेला आहे. पुण्याचे दिनकर केळकर चष्म्याच्या दुकानाचे मालक. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. जुने दिवे, अडकित्ते, भांडी, दारे, वाद्ये जमविण्याचा त्यांस छंद लागला. एकेक वस्तू हिंडून जमविता जमविता तो संग्रह सुमारे २० हजारांवर गेला, अकाली गेलेल्या राजा या आपल्या मुलाचे नाव त्यांनी त्यास दिले, आणि १९७५ साली सारे धन महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. आपल्या माळ्यावर पडलेला आजीचा अडकित्ता भंगारात घालण्यापूर्वी हे नाव आठवावे.

दौंड तालुक्यातीलच केडगाव घ्या. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात निराधार झालेल्या मुलींसाठी तेथे ‘मुक्ती’ वसविली, हे आपण जाणतो. शेकडो जणींचा संसार चालविताना, वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर, बायबलाचे मराठी भाषांतर मूळ भाषांवरून करण्याचे त्यांनी हाती घेतले. त्यासाठी हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास केला, आणि जुळणी-छपाई केडगावच्या मुलींकडून करविली. १९२२ च्या एप्रिलात त्या निवर्तल्या, तेव्हा काम त्यांच्या हातून पुरे झालेले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. धर्म कोणाचा कोणता, हा येथे प्रश्न नाही. एवढ्या व्यापात, एवढ्या वयात, रोज थोडे थोडे करून केवढे काम उभे राहते, हे पाहावयाचे आहे.

आम्ही कोणास ग्रंथ लिहावयास सांगत नाही. मोराच्या चिंचोलीचे मोर किंवा हिवाळ्यात भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर उतरणारे रोहित पक्षी पाहून मुलाने वहीत तारखेसह नोंद करावी, ओव्या पाठ असलेल्या आजीकडून नातीने त्या लिहून घ्याव्यात, एवढेही पुष्कळ आहे.

परंतु भगिनींच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट बोललीच पाहिजे. यजमान पहाटे फिरावयास जातात, तेव्हा त्यांचा डबा कोण करते? मुलगा तबला शिकतो, तेव्हा धाकट्यास कोण सांभाळते? घरातील प्रत्येकाचा नेम जिच्या श्रमावर उभा आहे, तिच्या नावापुढे वहीत कोरी जागा राहते. हे न्यायाचे नाही. कुटुंबप्रमुखांनी प्रथम तिचा एक तास ठरवावा, तो घड्याळाप्रमाणे पाळावा, आणि त्या तासात चूल व पाहुणे इतरांनी सांभाळावेत. मग आपला नेम लिहावा.

तिसरा नेम घराचा. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. मोठ्या कंपनीतील संशोधनाची नोकरी सोडून ते या कोरडवाहू गावी आले, आणि करीत करीत शिकावयाचे हे सूत्र त्यांनी धरले. तेथून शाळांत गेलेल्या अभ्यासक्रमाचे चार भाग आहेत: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य. घर आणि आरोग्य ही हाताने शिकावयाची विद्या आहे, हे त्यांनी आपल्या शेजारीच दाखवून दिले. मग गळता नळ, सैल झालेली बिजागरी, महिनोन्महिने न धुतलेली पाण्याची टाकी यांसाठी आपण किती दिवस कारागिराची वाट पाहणार? महिन्यास एक दुरुस्ती घरातील मुलाने व मुलीने, दोघांनीही, स्वतःच्या हाताने करावी, हा नेम उत्तम.

घराचा दुसरा भाग कागदांचा. कर्ता पुरुष अचानक गेला, तर सातबारा कोठे आहे, कोणत्या बँकेत ठेव आहे, विमा आहे की नाही, कोणाचे देणे आहे, हे पत्नीस ठाऊक नसते. दुःखाच्या दिवसांत तिला परक्यांच्या दारी हेलपाटे घालावे लागतात. म्हणून एका जाड वहीत सारे लिहावे, प्रत्येक खात्यावर नामनिर्देशन झाले आहे का ते पाहावे, वडिलार्जित जमिनीवर वारसनोंद राहिली असल्यास ती करून घ्यावी, आणि ती वही पत्नीसमोर बसून वाचून दाखवावी. हे बोलणे अशुभ नव्हे. ही मायेचीच एक रीत आहे.

शेवटी आमची सूचना अशी आहे. पाडव्याच्या संध्याकाळी घरातील सर्वांनी एकत्र बसावे. प्रत्येकाने तीनच नेम लिहावेत: एक आरोग्याचा, एक छंदाचा, एक घराचा. त्यात वेळ, स्थळ आणि कृत्य स्पष्ट असावे. ‘रोज जेवणानंतर नदीच्या वाटेने वीस मिनिटे’ असे लिहावे; ‘फिरावयास जाणे’ असे मोघम लिहू नये. कागद देवघराजवळ किंवा स्वयंपाकघराच्या दारी लावावा. सहासष्टाव्या दिवशी पुन्हा बसावे, आणि ज्याचा नेम टिकला त्याचे घरच्या घरी उद्यापन करावे. ज्याचा मोडला त्यास हसू नये. त्याचा नेम अर्धा करून त्यास पुन्हा द्यावा.

पुढील वर्षीच्या स्मरणिकेत श्रद्धांजलीच्या पानासमोर एक ‘नेमाचे पान’ असावे, असे आम्ही कार्यकारी मंडळास सुचवितो. कोणी किती चालले, कोणी काय शिकले, कोणत्या घरात कागदांची वही पुरी झाली, हे त्यावर दोन दोन ओळींत छापावे. ते पान भरून वाहावे आणि समोरच्या पानावर अकाली गेलेला एकही चेहरा नसावा, अशी प्रार्थना करून आणि सर्व कुटुंबांस नववर्षाचे शुभचिंतन करून आम्ही आपली रजा घेतो.