घरातील जाळे : हवेतून की विजेच्या तारेतून?

पांढुर्णा किंवा सौंसर येथील जुन्या वस्तीतले एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. रस्त्याला लागून ओसरी, मग बैठक, माजघर, स्वयंपाकघर आणि सर्वांत मागे परसदाराची खोली. इंटरनेटची तार रस्त्याकडून येते. साहजिकच ती आणणारा माणूस राउटर बैठकीतच बसवून जातो. घरातील मुलगी मात्र परीक्षेचा अभ्यास परसदाराच्या खोलीत करते, कारण शांतता तेथेच. पडद्यावर गुरुजी गणित सोडवीत असतात आणि नेमके उत्तराच्या ओळीपाशी चित्र गोठते.

दोष मुलीच्या मोबाइलचा नव्हे, भिंतींचा आहे. वाय-फाय म्हणजे अखेर रेडिओच्याच लहरी. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून त्यातल्या त्यात बऱ्या जातात, पण गती कमी. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण दोन जाड भिंतींतच त्यांचा दम संपतो. वाटेत लोखंडी कपाट असेल तर विचारूच नये.

अशा वेळी दुसरा उपाय सुचविला जातो. एक डबी राउटरजवळच्या सॉकेटमध्ये, दुसरी मागच्या खोलीत. निरोप घरातल्या विजेच्या तारेतून जातो. यात जादू काही नाही. उच्चदाबाच्या तारांवरून उपकेंद्रांमध्ये निरोप धाडण्याची रीत वीज मंडळांत जुनीच आहे. वीज सेकंदाला ५० आवर्तनांनी वाहते, निरोप लक्षावधी आवर्तनांनी. म्हणून एकाच तारेत दोघे न मिसळता नांदतात.

परंतु हे नांदणे घराच्या वायरिंगवर अवलंबून असते. भावाभावांत वाटण्या झालेल्या घरात मीटर दोन असतात. दोन सॉकेट वेगळ्या मीटरवर वा वेगळ्या फेजवर असले, तर निरोप बहुधा क्षीण होतो, कधी पोहोचतच नाही. सर्ज-रक्षक एक्स्टेंशन बोर्ड तो वाटेतच गिळतो. मिक्सर आणि पाण्याची मोटर त्यात गोंगाट मिसळतात. शिवाय आपल्याकडे इन्व्हर्टर आहे. वीज गेली की त्यावर नसलेल्या सॉकेटातली डबी मुकी होते, मग दुसरी जागी असून उपयोग काय? खोक्यावर छापलेला वेग तर घरात कधीच मिळत नाही.

म्हणून पैसे खर्चण्यापूर्वी राउटर माजघरात, उंचावर, कपाटापासून दूर न्यावा. तेवढ्याने न भागल्यास मागच्या खोलीपर्यंत साधी लॅन केबल ओढावी. ती १०० मीटरपर्यंत चालते. केबलच्या त्या टोकाला दुसरा लहान राउटर लावला की खोलीतही वाय-फाय मिळते. भिंतीवरून जाणारी तार दिसायला बरी दिसत नाही, एवढीच सासूबाईंची तक्रार; पण फेजचे आणि मिक्सरचे त्रांगडे तिला नाही. राउटर तेवढे दोन्हीही इन्व्हर्टरवर असावेत.

विजेच्या तारेचा उपाय भाड्याच्या घरासाठी ठेवावा, जेथे मालक भिंतीला भोक पाडू देत नाही. मीटर एक असावे, वायरिंग नवे असावे, डब्या थेट भिंतीतल्या सॉकेटात बसाव्यात. दुकानदाराकडून परतीची बोली आधीच करून घ्यावी आणि परीक्षा संध्याकाळी पाहावी, मोटर चालू असताना.