घराला किती वीज पेलते?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या आहेत. तिथे विजेच्या मागणीवर सतत नजर ठेवावी लागते, कारण करारात ठरलेली मागणी ओलांडली की बिलात दंड लागतो. घरात मात्र असा हिशेब कोणी करत नाही. जिल्ह्यात वायरिंगची कामे करताना मला हमखास विचारतात, 'आमचं बिल तर थोडंच येतं, मग फ्यूज का उडतो?'

बिल असते युनिटचे. एक किलोवॉटची वस्तू तासभर चालली की एक युनिट होते. महिन्यात किती वीज वापरली, हे युनिट सांगते; एका वेळी किती ओढली, हे सांगत नाही. आणि वायरवर ताण येतो तो एका वेळी ओढलेल्या विजेचा.

तो काढणे सोपे आहे. एकाच वेळी चालणाऱ्या वस्तूंचे वॉट मिळवा आणि 230 ने भागा. अंदाजे अँपिअर मिळतात. उन्हाळ्यात नळाला पाणी येण्याची सकाळ धरा. तीन पंख्यांचे 225 वॉट, कूलर 200, फ्रीज 200, मिक्सर 500 आणि पाण्याची एक हॉर्सपॉवरची मोटार सुमारे 1000. बेरीज 2125, म्हणजे नऊ अँपिअरच्या थोडे वर. त्यातच 2000 वॉटची इंडक्शन शेगडी लावली, की अठराच्या घरात. प्रवाह दुप्पट झाला. पण वायरमधली उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते! मोटार सुरू होताना क्षणभर याहून कितीतरी जास्त प्रवाह ओढते, तो वेगळाच.

आता मर्यादा पाहा. महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' किलोवॉटमध्ये छापलेला असतो. मेन स्विचवर किंवा एमसीबीवर अँपिअर लिहिलेले असतात. तिसरी मर्यादा भिंतीतल्या वायरच्या जाडीची. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जुन्या घरात ती वायरमनकडून तपासून घ्यावी. या तिन्हींत जी सर्वांत कमी, तीच तुमच्या घराची खरी ताकद.

फ्यूज हा त्या वायरचा राखणदार आहे. तो वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घालणे, किंवा वायर तीच ठेवून मोठा एमसीबी बसवणे, म्हणजे राखणदाराला झोपवणे. मग फ्यूजऐवजी भिंतीतली वायर वितळते, आणि आग लागली तर ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

तेव्हा मोटार चालू असताना शेगडी आणि इस्त्री थोडी थांबवा. पाळीपाळीने चालवले तर तीच वायर पुरते. एसी किंवा गिझर घ्यायचा असेल, तर दुकानात जाण्याआधी बिलावरचा मंजूर भार पाहा. कमी पडत असेल तर वाढवण्यासाठी रीतसर अर्ज करा आणि त्या वस्तूसाठी मेन बोर्डापासून वेगळी, जाड वायर ओढून घ्या. एवढा हिशेब घरातल्या शाळकरी मुलालाही जमेल. आज संध्याकाळीच त्याच्याकडून करून घ्या.