खाणारी तोंडे आणि राबणारे हात
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



लहानपणापासून एक पाढा आपल्याकडून घोकून घेतला गेला. देश गरीब का? लोकसंख्या जास्त म्हणून. शेतकरी कर्जात का? घरात खाणारी तोंडे जास्त म्हणून. गावागावांत भिंतींवर लाल त्रिकोण रंगले. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यात कितीतरी माणसांवर जबरदस्ती झाली. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकसुद्धा मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही, इतकेच.

आता जगात उलटा पाढा सुरू झाला आहे. मुले जन्मत नाहीत, म्हातारे वाढताहेत, आता अर्थव्यवस्था वाढायची कशी, अशी चिंता मोठमोठी सरकारे करताहेत. चीनने १९८० पासून २०१५ पर्यंत 'एकच मूल' म्हणून दंडुका चालवला. २०२१ साली तेच सरकार 'तीन होऊ द्या' म्हणू लागले. लोकांनी ऐकले नाही. २०२२ पासून चीनची लोकसंख्या घटते आहे. दंडुक्याने पाळणा थांबवता येतो, हलवता येत नाही.

हे प्रकरण समजून घ्यायला जपानचा हिशेब पाहू. कारण या वाटेने जपान आपल्या खूप आधी गेला आहे.

कोणत्याही घराच्या तीन अवस्था असतात. पहिली, लेकरे लहान, कमावणारे दोघे, खाणारी सात तोंडे. दुसरी, लेकरे हाताशी आली, घरात हातच हात. तेव्हा विहीर खोदली जाते, बैलजोडी येते, चार पैसे गाठीला राहतात. तिसरी, लेकी सासरी गेल्या, पोरे शहरात गेली, आणि ओट्यावर दोन म्हातारी माणसे उरली. देशाचेही तसेच असते. जपानमध्ये १९४७ साली एका बाईमागे साडेचार मुले होती. दहा वर्षांत ती दोनवर आली. आधी जन्मलेली पोरे कामाला लागली, मागे सांभाळायची लेकरे थोडी. १९५५ ते १९७३ या काळात जपानचे उत्पादन वर्षाला सरासरी ९ टक्क्यांहून जास्त वेगाने वाढले. नुसत्या हातांनी हे झाले नाही. हाताला काम होते, कामाला यंत्र होते आणि घामाला दाम होता.

मग तिसरी अवस्था आली. १९४९ साली जपानमध्ये सुमारे २७ लाख मुले जन्मली होती; २०२४ साली ७ लाखसुद्धा नाहीत. कामाच्या वयाची माणसे १९९५ साली ८ कोटी ७० लाख होती, ती आता ७ कोटी ४० लाखांच्या आसपास आली. दर दहा माणसांत जवळजवळ तीन माणसे ६५ च्या पुढची. कर भरणारे घटले, पेन्शन आणि दवाखान्याचा खर्च वाढला. सरकारचे कर्ज देशाच्या वर्षाच्या उत्पादनाच्या दुपटीवर गेले, त्याचे एक मोठे कारण हेच. आणि शेती? मुख्यतः शेतीवर राबणारे २००० साली २४ लाख होते, २०२३ साली १२ लाखांच्या आत आले. त्यांचे सरासरी वय ६८ च्या पुढे! शेते पडीक पडली, घरांना कुलपे लागली.

पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. देशाचे उत्पादन म्हणजे राबणारे हात गुणिले एका हाताचे उत्पादन. जपानचे हात घटले, म्हणून एकूण वाढ मंदावली. कामाच्या वयाच्या एका माणसामागे हिशेब केला, तर गेल्या वीसपंचवीस वर्षांत जपान अमेरिकेच्या फार मागे पडलेला नाही. म्हणजे हात कमी झाले तर देश बुडतोच असे नाही. उरलेल्या हाताला काय मिळते यावर सगळे आहे.

आता आपल्याकडे वळू. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात एका बाईमागे ३.४ मुले होती. २०१९-२१ च्या पाहणीत २.०. महाराष्ट्रात १.७. आईबापांच्या जागी तितकीच माणसे उभी राहायला २.१ लागतात. आपण त्याच्या खाली उतरलो. लेकी शिकल्या, जन्मलेली लेकरे जगू लागली, शिक्षणाचा खर्च वाढला, आणि आपल्या मायबहिणींनी आपला हिशेब आपणच केला.

आज वेचणीला माणूस मिळत नाही, ज्वारी काढायला जोडी सापडत नाही, याचे कारण अजून जन्मदर नाही. पोरे गाव सोडून गेली, हे आहे. पण गेलेल्यांच्या जागी येणारी पिढीच लहान असेल, तेव्हा काय होईल?

भारतात आज ६५ च्या पुढची माणसे शंभरात सुमारे सात आहेत. जपानमध्ये १९७० साली इतकीच होती. पण १९७० चा जपान अमेरिकेखालोखाल मोठी भांडवली अर्थव्यवस्था होऊन बसला होता! सातावरून चौदावर जायला फ्रान्सला ११५ वर्षे लागली, जपानला २४. आपल्यालाही फ्रान्सएवढी सवड मिळणार नाही. जपान आधी श्रीमंत झाला, मग म्हातारा झाला. आपण गरिबीतच म्हातारे होणार की काय, हा खरा प्रश्न आहे.

नोकरदाराला पेन्शन असते. कोरडवाहू शेतकऱ्याची पेन्शन म्हणजे त्याची मुले आणि त्याची जमीन. मुले थोडी झाली, जमिनीच्या वाटण्या होऊन चिंध्या झाल्या. तिसरा आधार शिलकीचा. दारिद्र्यरेषेखालच्या म्हाताऱ्याला केंद्र सरकार ऐंशी वर्षांपर्यंत महिना २०० रुपये देते, राज्य आपली भर घालते. २०१९ च्या किसान मानधन योजनेत साठीनंतर ३,००० रुपये आहेत. पण त्यात नाव घालायचे तर वय १८ ते ४० आणि जमीन दोन हेक्टरच्या आत हवी, आणि हप्ता आधी आपणच भरायचा. हप्ता भरायचा कशातून? कापसाच्या चुकाऱ्यातून बी-बियाणे, खत, वेचणी आणि व्याज वजा जाता जे उरेल, त्यातून. शिल्लक उरत नसेल तर म्हातारपण उघड्यावर पडणार.

म्हणून सांगतो, आपण आज दुसऱ्या अवस्थेत आहोत. घरात हात आहेत. ही वेळ वीसतीस वर्षांची, पुन्हा येणार नाही. या काळात कोरडवाहू शेतात पाणी, लहान वावरात चालेल असे वेचणीचे यंत्र आणि मालाला परवडणारा दाम आला, तर गाठीला काही राहील. नाही तर आपली पोरे शहराची भरभराट करतील आणि म्हातारे मात्र गाव सांभाळेल.

इथून गेल्यावर एक काम करा. आपापल्या गावात घरोघर फिरून तीन आकडे वहीत लिहा. शेतात राबणारी तिशीच्या आतली माणसे किती, साठीच्या पुढची किती, आणि म्हातारपणासाठी काही शिल्लक टाकणारी घरे किती. पुढच्या बैठकीला वही घेऊन या. बोलायला तिथून सुरुवात करू.