निळा पडदा आणि आमची वही

मागच्या बैठकीत साकोलीकडच्या एका गटाच्या ताईंनी आम्हाला विचारलं, "आमचा कॉम्प्युटर चालता चालता निळा होऊन बंद पडतो. भंगारात टाकावा का?" टाकू नका, ताई. हे दुखणं आम्ही चार महिने काढलं आहे. तेच आज सांगतो.

आमच्या गटाचा कॉम्प्युटर सचिवताईंच्या घरी छपरीलगतच्या खोलीत असतो. जुनाच घेतलेला. बचत, अंतर्गत कर्ज, हप्ते असा सगळा हिशेब त्यावर. ताईंची मुलगी कॉलेजात जाते. नोंदी तीच करते, आणि उरलेल्या वेळात टायपिंग शिकते. फेब्रुवारीत एक दिवस नोंदी सुरू असतानाच पडदा निळा झाला, इंग्रजी अक्षरं आली आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू झालं. मग आठवड्यातून एकदा, मग दोनदा. मार्चमध्ये बँकेत कर्जाची फाईल द्यायची होती आणि नेमक्या पंधरा दिवसांच्या नोंदी गेल्या. कागदी वही होती म्हणून निभावलं.

दोष मात्र पोरीवर गेला. "हिनेच काहीतरी डाउनलोड केलं असेल," असं घरचे म्हणाले. खरं सांगायचं तर गटातल्या आम्हीही तेच म्हणालो. खोलीला कुलूप लागलं. बैठकीच्या दिवशीच उघडायचं, असं ठरलं. दुकानात नेलं तर तिथले भाऊ न उघडताच म्हणाले, "मशीन संपली, नवीन घ्या."

मग एका काकूंनी विचारलं, "पैशाचा घोळ झाला तर आपण वही काढतो, याची वही का नाही?" आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र हिशेब लेखनाचंच ना! आम्ही शंभर पानी वही घेतली आणि रकाने आखले : तारीख, वेळ, कोण बसलं होतं, काय काम सुरू होतं, लाइन गेली होती का, आणि पडद्यावर काय शब्द आले. शब्द वाचायच्या आत पडदा निघून जायचा, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन आपोआप रिस्टार्ट होण्याची खूण काढली आणि मोबाईलवर फोटो घ्यायला लागलो. खालच्या बाजूला 'स्टॉप कोड' असं लिहिलेलं असतं, त्याच्यापुढचे शब्द महत्त्वाचे.

महिनाभरात अकरा नोंदी झाल्या. त्यातल्या चार वेळा पोरगी कॉलेजात होती. वही वाचून झाल्यावर सचिवताई काही बोलल्या नाहीत. उठून खोलीचं कुलूप काढून आणलं.

आता कारणाकडे. निळा पडदा म्हणजे विंडोजने स्वतःहून काम थांबवणं. आत काही चुकीचं दिसलं की आणखी बिघाड नको म्हणून ती थांबते. कोणी नवीन प्रिंटर जोडला, अपडेट झालं आणि लगेच हे सुरू झालं, तर संशय त्या प्रोग्रामवर घ्यायचा आणि तो काढून बघायचा. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगातले सुमारे 85 लाख कॉम्प्युटर असेच निळे पडले होते. आपल्या देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. तिथे मशीन चांगलं होतं, अपडेट वाईट होतं.

आमच्याकडे नवीन काही टाकलेलं नव्हतं. शब्द बहुतेक वेळा 'मेमरी मॅनेजमेंट' यायचे, कधी दुसरेच. काम कोणतंही असो, पडदा निळा. आधी वाटलं उन्हाळ्यामुळे. घर राइस मिलजवळ आहे, डब्बा उघडला तर पंख्यावर कोंड्याचा थर! वायर काढून, कोरड्या ब्रशने, पंखा बोटाने धरून साफ केला. पंखा जोरात फिरू द्यायचा नाही, आणि ओलं फडकं तर चुकूनही नाही. फरक पडला, पण आठ दिवसांनी पुन्हा तेच.

मग पोरीने विंडोजमधलीच मेमरीची तपासणी लावली. सर्चमध्ये 'मेमरी डायग्नोस्टिक' लिहिलं की ती सापडते. गंमत म्हणजे तिचाही पडदा निळाच असतो. काकू ओरडल्या, "बाप्पा, पुन्हा गेला!" अर्ध्या तासाने निकाल आला : हार्डवेअरमध्ये दोष. मेमरी म्हणजे रॅम, काम करताना समोर घेतलेली पाटी समजा. हार्ड डिस्क म्हणजे कपाट. पाटीला भेग असली की आकडा चुकीचा उमटतो.

आमच्यात रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. मशीन बंद करून, वायर काढून, आधी लोखंडी डब्ब्याला हात लावून, कडेने धरून एक पट्टी काढली. तीन दिवस एकीवर चालवलं, तीन दिवस दुसरीवर, जागा तीच ठेवून. दुसरीवर पहिल्याच दिवशी निळा. दोषी सापडला. साडेआठशे रुपयांत तशीच पट्टी मिळाली. जुनी सोबत नेऊन दाखवा, नाहीतर वेगळ्या जातीची गळ्यात पडते. जून गेला, पाऊस आला, त्या पडद्याचं तोंड आम्ही पुन्हा पाहिलं नाही.

सगळ्यांचं दुखणं रॅमचंच असेल असं नाही. स्टॉप कोडमध्ये 'बूट व्हॉल्यूम' असे शब्द आले किंवा कपाटातून खरखर आवाज आला, तर हार्ड डिस्क जात असू शकते. तेव्हा दुरुस्ती मागाहून, आधी हिशेब पेन ड्राइव्हवर घ्या. विंडोज 11 च्या नव्या आवृत्तीत हा पडदा काळा दिसतो, त्याने गडबडू नका.

आणि एक गोष्ट जीव तोडून सांगतो. खरा निळा पडदा कधीही फोन नंबर देत नाही. "या नंबरवर फोन करा, नाहीतर डेटा जाईल" असं लिहून आलं, तर ती फसवणूक आहे. फोन करू नका, ओटीपी सांगू नका. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला कळवा.

आमची ती वही अजून कॉम्प्युटरजवळच असते. आता तिच्यात एक रकाना वाढवला आहे : पेन ड्राइव्हवर नक्कल घेतली का. बैठकीच्या दिवशी पोरगी सही करते, तिच्याखाली आम्ही. साकोलीच्या ताई, तुमच्या पडद्याचा फोटो काढून पाठवा, पुढच्या भागात तोच वाचू.